माती ठीक, चारा हिरवागार, मग काळ्या गाई तांबूस का पडतायत?

गव्हाणीपाशी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय. अर्धवट लिहिलं की पहिले चार जण "अजून माहिती द्या" एवढंच म्हणतात, हा अनुभव आहे.

माझ्याकडे अकरा दुभत्या, तीन भाकड आणि सहा कालवडी आहेत. सगळ्या काळ्या-पांढऱ्या संकरित. चारा बहुतेक घरचाच: मका, संकरित नेपियर गवत आणि दीड वर्षापासून लसूणघास. मका डोक्यावर जातो. नेपियर कापताना माणूस थकतो, पण नेपियर वाढायचं थकत नाही. बाहेरून फक्त पेंड आणि थोडा भुसा येतो.

आता तक्रारी. गाई उलटतात. अकरातल्या पाच जणी तीन-तीनदा भरवल्या, तरी एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर. आणखी दोघींचा तर माजच कळत नाही. गेल्या पाच वितांत तीनदा वार अडकली. मधूनच शेण पातळ होतं. जंताचं औषध दोनदा पाजलं, काही फरक नाही.

आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे गाईंचा रंग उडतोय. चंद्री नावाची माझी गाय कोळशासारखी काळी होती. आता तिच्या पाठीवर आणि फऱ्यावर गंज चढल्यासारखी तांबूस झाक आहे. डोळ्यांभोवतीचे केस इतके फिके पडलेत की चष्मा लावल्यासारखी दिसते. आधी वाटलं उन्हाने असेल. पण कालवडी दिवसभर छपराखाली असतात आणि त्यांचीही तीच गत.

माती तपासून आणली. सामू (पीएच) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के, चुनखडी भरपूर. सूक्ष्म अन्नद्रव्यांत जस्त ०.४१, लोह ३.२, मंगल (मँगनीज) ५.६, तांबे १.४, सगळं पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती ते. जस्त आणि लोहापुढे "कमी", मंगल आणि तांब्यापुढे "पुरेसे" असा शिक्का. खाली झिंक सल्फेट टाकायची शिफारस.

खनिज मिश्रण देते. खरं सांगायचं तर नेमाने नाही. पिशवी संपली की आठ-पंधरा दिवस तसेच जातात.

प्रश्न एवढाच: जमिनीत तांबं पुरेसं आहे, मका मजेत आहे, मग गाईला नेमकं काय कमी पडतंय आणि ते वाटेत गळतंय कुठे?

-----

जुना गोठा

ताई, डोळ्याला चष्मा म्हणजे तांबं कमी, डोळे झाकून सांगतो. आमचे वडील हौदात मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्या क्षाराचा, खडा टाकायचे. पाणी किंचित निळसर दिसलं की पुरे. महिन्यात केस काळे होतात. अहवाल-बिहवाल नंतर बघा.

-----

गुरांचा डॉक्टर

काका, निदान कदाचित बरोबर असेल, पण उपाय मुळीच करू नका. हौदातला खडा कोणत्या गाईच्या पोटात किती गेला हे कोण मोजणार? जी जास्त पाणी पिते ती जास्त घेते, आणि सगळ्यात जास्त पाणी पिते ती सगळ्यात दुधाळ गाय, तिची गरज असो वा नसो. तांबं जास्त झालं की यकृतात गुपचूप साचत राहतं. त्यातही गोठ्याशेजारी मेंढ्या असतील आणि त्या त्याच हौदावर आल्या तर विचारूच नका. मेंढीला तांबं बाहेर टाकणं फारसं जमत नाही. महिनोन् महिने ती चांगली दिसते आणि एक दिवस यकृत ते सगळं रक्तात सोडतं. लघवी लालकाळी होते आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो.

ताई, तुम्हाला दोन गोष्टी सांगतो.

पहिली, उलटण्याची कारणं पन्नास असतात. गर्भाशयात जंतुसंसर्ग, माज ओळखण्यात चुकलेली वेळ, विल्यानंतर गाईचं अंग उतरणं, स्फुरद (फॉस्फरस) कमी. ही सगळी तपासल्याशिवाय खनिजावर बिल फाडायचं नाही. पण उलटणं, वार अडकणं, पातळ शेण आणि रंग उडणं हे चारही एकाच गोठ्यात एकाच वेळी दिसत असेल तर तांब्याचा संशय घ्यावाच लागतो. काळा रंग तयार करणारं विकर (एन्झाइम) तांब्यावाचून चालत नाही, म्हणून काळी गाय आधी चहाडी करते. पांढऱ्या गाईला तीच कमतरता असली तरी ती बोलत नाही.

दुसरी, तांबं दोन तऱ्हांनी कमी पडतं. एक, चाऱ्यात नसतंच. दोन, चाऱ्यात असतं, पण पोटात कुणीतरी ते धरून ठेवतं. तुमचा मातीचा अहवाल मला दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आत्ता लगेच तांब्याचं इंजेक्शन घेऊ नका. चार-पाच गाईंचं रक्त आणि चाऱ्याचे नमुने, दोन्ही तपासा.

-----

मातीतला माणूस

मी माती-चारा तपासणीच्या कामात आहे. आमच्याकडे रोज कुणीतरी मातीचा अहवाल हातात धरून गाईचा प्रश्न विचारतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या अहवालावर जे "पुरेसे" लिहिलंय ते पिकाला पुरेसे. मातीतली सूक्ष्म द्रव्यं काढायला आम्ही जो डीटीपीए द्रावक वापरतो, ती पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ साली मांडली, तीही पिकं डोळ्यांसमोर ठेवून. जस्ताला ०.६ आणि तांब्याला ०.२ पीपीएम या रेषा सर्रास वापरल्या जातात. तुमचं १.४ तांबं त्या रेषेच्या सातपट आहे. पण ती रेषा मक्यासाठी आखलेली. चंद्रीला कुणी विचारलंच नव्हतं.

आता गरजा शेजारी ठेवा. मक्याच्या पानात जस्त १५ ते २० पीपीएमच्या खाली गेलं की पीक कुरकुरतं, कोवळी पानं पांढरट पट्ट्यांची होतात. गाईच्या खाण्यात मात्र कोरड्या भागावर ३० ते ४० लागतं. तांबं पानात ५ असलं तरी पीक खूश असतं, गाईला साधारण १० हवं. मंगल पिकाला २० चालतं, गाईला ४०. म्हणजे पीक जिथे पोट भरल्याचा ढेकर देतं तिथे गाय अर्धपोटी असते. आणि कोबाल्ट, आयोडीन, सेलेनियम ही तर गवताला लागतच नाहीत. कोबाल्ट लागतं ते द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना. सेलेनियम जवळपास शून्य असलेल्या रानातही मका कणसासकट डौलात उभा राहतो. हिरव्या रंगावरून काही कळत नाही ते यामुळे.

त्यात तुमची जमीन चुनखडीची. सामू आठच्या वर गेला की जस्त, लोह, मंगल मातीत असूनही मुळाला मिळत नाहीत. मॉलिब्डेनम या धातूचं उलटं: सामू वाढेल तसं ते जास्त मोकळं होतं, आणि द्विदल चारा ते चांगलंच उचलतो. तुमचा लसूणघास द्विदलच, आणि दीड वर्षाचा आहे, हे मी अधोरेखित करून ठेवलंय.

नमुना असा काढा. तुम्ही प्रत्यक्ष कापता त्याच उंचीवर, शेतात दहा-बारा जागी, धारदार विळ्याने. बांधावरचा नको, शेणखताच्या ढिगाजवळचा नको. सावलीत सुकवून कागदी पिशवीत भरा. मका, नेपियर, लसूणघास वेगवेगळे पाठवा. जस्त, तांबे, लोह, मंगल सगळे मागतातच. तुम्ही त्यात मॉलिब्डेनम आणि गंधक आवर्जून मागा.

झिंक सल्फेटची शिफारस मात्र पाळा. हेक्टरी २० ते २५ किलो, दोन-तीन वर्षांतून एकदा, शेणखतात मिसळून. स्फुरदाच्या खताबरोबर एकाच टोपलीत कालवू नका, दोघं मिळून न विरघळणारी गोळी होते आणि पैसे जमिनीत तसेच पडून राहतात. उभ्या मक्याला घाई असेल तर अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का विरवलेला चुना अशी फवारणी.

-----

गव्हाणीपाशी

धन्यवाद सगळ्यांना. जुना गोठा काका, रागावू नका, खडा टाकला नाही.

चाऱ्याचे अहवाल आले. कोरड्या भागावर, पीपीएममध्ये: मक्यात जस्त १९, तांबे ५, लोह २१०, मॉलिब्डेनम १.१. नेपियरमध्ये जस्त २३, तांबे ६, लोह २६०, मॉलिब्डेनम १.४. लसूणघासात जस्त २६, तांबे ८, लोह ६४०, मॉलिब्डेनम ४.२. गंधक लसूणघासात ०.३४ टक्के.

डॉक्टरांनी चार गाईंचं रक्त नेलं. प्लाझ्मातलं तांबं ०.३८ ते ०.४६ मिलिग्रॅम प्रति लिटर. निरोगी गाईत ०.६ च्या वर असावं म्हणे. गर्भाशयं तपासली. एकीला संसर्ग निघाला, बाकी स्वच्छ.

मला वाटलं होतं, लसूणघास म्हणजे सगळ्यात भारी चारा, त्यात तांबंही सगळ्यात जास्त, मग तोच गुन्हेगार कसा? आणि मातीत लोह कमी असताना घासात ६४० कुठून आलं?

अजून एक गोष्ट मी पहिल्यांदा लिहायला विसरले, कदाचित तिचा काही संबंध नसेल. दोन वर्षांपूर्वी विहीर आटली, तेव्हापासून गाईंना नवीन बोअरचं पाणी आहे. पाणी उपसलं तेव्हा नितळ असतं. पण हौदात रात्रभर राहिलं की सकाळी काठावर विटकरी रेघ आणि तळाला तांबड्या गाळाचा पातळ थर. हात घातला की बोटांना चिकटतो, पीठ भिजवल्यासारखा गुळगुळीत. आठवड्याला मी तो खराट्याने घासून काढते. पाण्याला थोडा कुजक्या अंड्याचाही वास येतो, पण गाई पितात.

-----

मातीतला माणूस

संबंध नसेल म्हणता? ताई, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी "कदाचित" लावून लिहिलंत!

घासातलं ६४० लोह बहुतेक घासाचं नाहीच. ते चिकटलेल्या मातीचं आहे. फार खालून कापता का? पाऊस किंवा पाण्याच्या फटकाऱ्याने पानाच्या खालच्या भागावर माती उडते. मातीत एकूण लोह काही टक्के असतं, डीटीपीएने निघतं ते त्यातलं चिमूटभर. म्हणून अहवालात "कमी" आणि घासावर भरमसाट, दोन्ही एकाच वेळी खरं. कापणी चार बोटं वर घ्या, हा आकडा उतरेल.

पाण्याचं डॉक्टर सांगतील. पण तपासणीला देताना बाटली काठोकाठ भरा आणि एकूण लोहासाठी वेगळा नमुना आम्ल घातलेल्या बाटलीत द्या. नाहीतर लोह बाटलीच्या तळाशी बसतं आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

-----

गुरांचा डॉक्टर

गुन्हेगार एक नाही, टोळी आहे.

जिवाणू चाऱ्यातल्या आणि पाण्यातल्या गंधकाचं कोठीपोटात सल्फाइड करतात. त्याला मॉलिब्डेनम भेटलं की थायोमॉलिब्डेट बनतं, आणि ते तांब्याला असं कवटाळतं की गाईला सोडवता येत नाही. जोडीने शेणात जातं. मॉलिब्डेनम नसलं तरी लोह आणि सल्फाइड मिळून तेच काम करतात, थोडं हळू. म्हणून चाऱ्यातलं नुसतं तांबं बघून चालत नाही, तांबं भागिले मॉलिब्डेनम बघायचं. ते दोनच्या आसपास किंवा खाली आलं की मी काळजी करतो. तुमच्या घासात ८ भागिले ४.२, म्हणजे १.९. मक्यात साडेचार आहे, ते ठीक, पण त्यात तांबं मुळातच अर्धं.

इंग्लंडमध्ये सॉमरसेट भागात काही कुरणं होती, तिथे गाई सोडल्या की थोड्याच दिवसांत हगवण लागायची, अंग उतरायचं, केस फिके पडायचे. तिथले लोक त्या कुरणांना 'टिअर्ट' म्हणायचे. गवत दिसायला उत्तम. १९३८ मध्ये फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या गवतात मॉलिब्डेनम फार होतं, आणि मोजून दिलेल्या तांब्याने गाई सुधारत होत्या. तुमच्या गोठ्यात ते तीव्र रूप नाही. पण जात तीच.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आत्ता तुम्ही सगळा दोष लोहाला द्याल. शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या काही भागांत गुरं हिरव्या रानात चरूनही खंगून मरायची. लोहखनिज पाजलं की बरी व्हायची, म्हणून सगळे म्हणाले लोह कमी. पण सगळ्याच जागचं लोहखनिज लागू पडेना. १९३५ च्या सुमारास अंडरवूड, मार्स्टन वगैरे संशोधकांनी उकललं: बरं करणारं लोह नव्हतं, त्या खनिजात भेसळ म्हणून आलेलं इवलंसं कोबाल्ट होतं. गाईला ते खाण्यात कोरड्या भागावर ०.१ पीपीएमएवढंच लागतं. पुढे १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व हाती आलं, त्याच्या पोटात कोबाल्टच निघालं. एका घटकावर बोट ठेवून मोकळं होण्याची मला तेव्हापासून भीती वाटते. म्हणजे, वाचल्यापासून. इतका म्हातारा नाही मी.

रक्तातलं तांबं सगळ्यात शेवटी घसरतं. यकृताची कोठी रिकामी झाल्यावर. म्हणजे तुमच्या गाई बऱ्याच महिन्यांपासून उसनवारीवर आहेत. तांबं किती आणि कशातून द्यायचं ते मी इथे लिहिणार नाही, रक्त नेलेल्या डॉक्टरांकडून वजनावर मोजून घ्या. आणि खनिज मिश्रणाची पिशवी संपायच्या आत दुसरी आणा. रोज नेमाने थोडं दिलेलं, मधे खंड पाडून दिलेल्यापेक्षा बरं.

-----

कळपामागे

मेंढ्यांवरून आठवलं म्हणून लिहितो, विषय थोडा बाजूला जाईल. खुरांसाठी मोरचुदाच्या पाण्यातून गाई चालवतात ना, ते पाणी नंतर कुठे ओतता बघा. आमच्याकडे वर्षानुवर्षं ते एकाच बांधाखाली सोडलं. तांबं मातीतून सहजी जात नाही. तिथलं गवत खाऊन माझ्या दोन मेंढ्या गेल्या, कारण कळायला शवविच्छेदन करावं लागलं. गाई तिथेच चरून ठणठणीत. आणि गाईचं खनिज मिश्रण मेंढीला कधीच नाही.

-----

गव्हाणीपाशी

साडेचार महिन्यांनी परत आलेय. मधे गोठ्यात इतकी गडबड होती की फोनवर नुसतं वाचत होते.

पाण्याचा अहवाल: लोह ६.८ मिलिग्रॅम प्रति लिटर, सल्फेट ५२०. दुभती गाय दिवसाला ऐंशी-शंभर लिटर पिते, तेव्हा नुसत्या पाण्यातून रोज अर्ध्या ग्रॅमहून जास्त लोह पोटात, तेही विरघळलेलं. डॉक्टर म्हणाले मातीला चिकटून आलेल्या लोहापेक्षा हे जास्त खोडकर.

केलं काय ते सांगते. बोअरचं पाणी आता आधी उंचावरच्या टाकीत पडतं, तेही सरळ नाही. नळीला भोकं पाडून त्याचा फवारा केलाय, म्हणजे हवा लागून लोह तिथेच गंजतं. मग रात्रभर निवळू देते आणि वाळूच्या पिंपातून हौदात. कुजका वास फवाऱ्यातच उडून जातो. लोह ०.५ वर आलंय. सल्फेट मात्र जसंच्या तसं, ते असल्या युक्तीने जात नाही. पावसाचं पाणी साठलं होतं तोवर निम्मं-निम्मं मिसळलं. टाकीच्या तळाचा गाळ उपसताना मात्र मला बरं वाटतं. हे सगळं आधी चंद्रीच्या पोटात जात होतं.

लसूणघास मोडला नाही. मन झालं नाही. चार बोटं वरून कापते आणि एकूण चाऱ्याच्या पाव भागावर ठेवलाय, बाकी मका-नेपियर. मका थोडा आधी, दाणा दुधात असताना कापते. पक्का झाला की पान सुकतं, ताट उरतं, आणि खनिजं ताटापेक्षा पानात जास्त. मक्याला झिंक सल्फेट दिलं. शेणखत आता चाऱ्याच्या शेतातच जातं, पूर्वी अर्धं दुसरीकडे जायचं. मातीतल्या माणसाने फोनवर एक छान गोष्ट सांगितली: गाईला दिलेल्या जस्त-तांब्यातलं बहुतेक शेणातूनच बाहेर पडतं, म्हणजे खनिज मिश्रणाची पिशवी मी नकळत शेतालाही टाकत होते. नवऱ्याला हे सांगितल्यावर पिशवीच्या पैशांवरची त्याची कुरकुर निम्म्याने उतरली.

तांबं डॉक्टरांनी मोजून दिलं. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं, ०.६७ ते ०.८२. पातळ शेण त्याच्या आधीच थांबलं होतं.

उलटणाऱ्या पाचातल्या तिघी गाभण आहेत, तपासून घेतलंय. संसर्गवाली त्यातली एक, म्हणजे तिचं श्रेय तांब्याला नको. चौथी परवा पुन्हा माजावर आली. पाचवी भरवून अठरा दिवस झालेत, म्हणून सध्या तिच्याकडे बघतच नाही, नजर लागेल. माज न कळणाऱ्या दोघींपैकी एकीने गेल्या आठवड्यात भल्या पहाटे हंबरून सगळं घर उठवलं. एरवी वैतागले असते.

चंद्रीबद्दल काकांनी महिन्यात काळी होईल म्हटलं होतं. तसं नाही होत. जुना केस तांबडा तो तांबडाच राहतो, नवा मुळातून काळा उगवतो. सध्या तिच्या पाठीवर हात उलटा फिरवला की आतून बोटभर काळं दिसतं आणि सरळ फिरवला की वरून पुन्हा गंज. काल धार काढताना तेच करत बसले होते, तर तिने शेपटीचा फटका दिला.